दुर्मीळ वन्यजीवांच्या परिसरात फवारणीपूर्वी: धोका कसा ओळखावा, नियम कसे वाचावेत, विष कसे आवरावे

कीटकनाशकाच्या डब्यावरील लेबल सरासरी शेतासाठी लिहिलेले असते आणि दुर्मीळ प्राणी मात्र सहसा सरासरी जागी राहत नाही. तो एखाद्या पाणथळ तुकड्यात, एखाद्या माळाच्या उरलेल्या पट्ट्यात किंवा एकाच ओढ्याच्या वरच्या अंगाला तग धरून असतो. लेबल तयार करणाऱ्यांना ती जागा ठाऊक नसते. ती ठाऊक असते शेत कसणाऱ्याला, वनकर्मचाऱ्याला आणि त्या परिसरात वर्षानुवर्षे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकाला. म्हणून या मार्गदर्शनाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: लेबलवरची माहिती आणि जागेची माहिती फवारणीच्या आधी एकत्र कशी आणावी.

जागेची नोंद कशी करावी

पहिले काम रसायनाचे नसून परिसराचे आहे. शेताच्या सभोवार कोणत्या संकटग्रस्त प्रजाती आढळतात, त्या वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येतात, घरटी कुठे करतात, काय खातात आणि पाणी कुठे पितात, याची साध्या नकाशावर नोंद करावी. वनविभागाच्या नोंदी, जवळच्या संरक्षित क्षेत्राची प्रजातींची यादी आणि ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट यांसारख्या संकेतस्थळांवरील लोकनोंदी यांतून सुरुवातीची यादी मिळते. यादीत नाव नाही म्हणजे प्रजाती नाही असे समजू नये. बेडूक, गोड्या पाण्यातील शिंपले आणि जंगली मधमाश्या यांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी फार तोकड्या असतात.

प्रत्येक प्रजातीपुढे तिच्या प्रजननाचा वेगही लिहावा. वर्षातून अनेक पिल्ले वाढवणाऱ्या पक्ष्यांमध्ये काही मृत्यू झाले तरी संख्या भरून येऊ शकते. गिधाडाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रौढ व्हायला कित्येक वर्षे लागतात. तिथे एका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू त्या वसाहतीचे भवितव्य बदलू शकतो. थोडक्या संख्येने उरलेल्या प्रजातीच्या बाबतीत ‘काही टक्के मृत्यू’ हे माप निरुपयोगी ठरते, आणि नियमांमध्ये संकटग्रस्त प्रजातींसाठी वेगळी कसोटी का असते याचे कारण नेमके हेच आहे.

विष प्राण्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोहोचते

नकाशा तयार झाला की प्रत्येक प्रजातीसाठी विषाच्या वाटा तपासाव्यात. अंगावर फवारा पडून होणारी विषबाधा ही त्यांतील एक आणि बहुधा सर्वांत कमी फसवी वाट आहे. बाकीच्या वाटा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

दाणा टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी विषारी दाणा आणि अन्नाचा दाणा यांत फरक नसतो. कार्बोफ्युरानच्या दाणेदार स्वरूपाचा एक कण लहान पक्ष्याला मारण्यास पुरेसा ठरतो. त्यामुळेच अमेरिकेत ते स्वरूप १९९० च्या दशकात जवळजवळ संपुष्टात आणले गेले. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याचेही तसेच आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सारस क्रौंच मृत आढळले, तेव्हा अभ्यासकांना त्या मृत्यूंमागे आल्ड्रिन या कीटकनाशकाची विषबाधा असल्याचे दिसून आले. सारस शिकारीच्या भीतीविना शेतात वावरतो, ही त्याच्या जगण्याची सोय तिथे त्याच्या जिवावर उठली.

दुसरी वाट शिकारीतून जाते. स्वेन्सन्स हॉक हा शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि तिथल्या हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या गवताळ पंपास प्रदेशात जाऊन टोळ व नाकतोडे खातो. १९९५-९६ च्या हंगामात तिथे नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारले गेले आणि त्या एका हंगामात सुमारे २०,००० पक्षी मेल्याचा अंदाज आहे. पक्षी फवारणीच्या वेळी शेतात होतेच, शिवाय मरणासन्न कीटक टिपणे सोपे असल्याने ते त्याच शेतांकडे अधिक ओढले गेले. त्यानंतर अर्जेंटिनात नाकतोड्यांविरुद्ध या रसायनाच्या वापरावर बंदी आली आणि पुढच्या हंगामात मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. नियमनाचा परिणाम इतक्या थोड्या काळात दिसल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उंदीरनाशकांची गोष्टही याच वाटेवरची आहे. ब्रोडिफॅकूम आणि ब्रोमॅडिओलोन ही दुसऱ्या पिढीतील रक्तस्रावी विषे उंदराला लगेच मारत नाहीत. तो काही दिवस फिरत राहतो, सुस्त होतो आणि त्याच काळात गव्हाणी घुबडाच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडी सहज लागतो. ही विषे शिकाऱ्याच्या यकृतात महिनोन्‌महिने टिकत असल्यामुळे प्रत्येक उंदरासोबत साठा वाढत जातो.

तिसरी वाट साठवणीची. डीडीटीचा अवशेष असलेल्या डीडीईमुळे अंड्यांच्या कवचात कॅल्शियम नीट जमत नाही आणि पक्षी उबवायला बसला की अंडे फुटते. प्रौढ पक्षी निरोगी दिसतो, घरटे बांधतो, अंडी घालतो. फक्त पिल्ले होत नाहीत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील आणि खासगी संग्रहांतील बहिरी ससाण्याची जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच पातळ होत गेल्याचे १९६७ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. तिथल्या मुख्य भूमीवरील ४८ राज्यांत १९६३ मध्ये बाल्ड ईगल या गरुडाच्या अवघ्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. २००७ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर काढता आला. बंदीनंतर सावरायला साडेतीन दशके लागली, हा यातला तितकाच महत्त्वाचा आकडा आहे.

चौथी वाट वागणुकीतल्या बदलाची असून तीच तपासायला सर्वांत अवघड आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्थलांतराच्या वाटेवर थांबलेल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या चिमण्यांना इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची अल्प मात्रा दिली गेली. त्या मेल्या नाहीत. त्यांनी खाणे कमी केले, वजन घटले आणि त्या काही दिवस उशिराने पुढे निघाल्या. स्थलांतरित पक्ष्याला वेळेवर न पोहोचणे म्हणजे घरट्याची चांगली जागा गमावणे. अशी हानी शेतात मृतदेह शोधून कधीच सापडणार नाही.

पाचव्या वाटेत विष प्राण्याला स्पर्शही करत नाही. त्याचे अन्न संपवते. ब्रिटनमधील ग्रे पार्ट्रिज या तितराची पिल्ले पहिल्या आठवड्यांत कीटकांवर वाढतात. तणनाशकांनी तण गेले, तणांवरचे कीटक गेले आणि पिल्ले उपाशी राहिली. मोनार्क फुलपाखराच्या सुरवंटाला मिल्कवीड या रुईच्या जवळच्या वनस्पतीखेरीज दुसरे काही चालत नाही, त्यामुळे तणनाशक त्याच्या दृष्टीने कीटकनाशकाइतकेच घातक ठरते. म्हणून प्रजातींच्या यादीत प्रत्येकीच्या अन्नाची नोंद करायला सांगितली आहे.

लेबलवरचे आकडे कसे वाचावेत

शेतात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हटले जाते आणि त्या शब्दाने त्याची धार बोथट होते. लेबल वाचताना हा शब्द बाजूला ठेवावा. भारतात डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हे रंग मुख्यतः प्रयोगशाळेतील सस्तन प्राण्यांवरच्या तीव्र विषारीपणावरून ठरतात: तोंडावाटे दिलेल्या विषाची अर्धे प्राणी मारणारी मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. या त्रिकोणावरून फवारणाऱ्या माणसाच्या धोक्याची कल्पना येते. मासा, बेडूक, मधमाशी किंवा पक्षी यांच्याबद्दल तो काहीही सांगत नाही. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील रसायने पक्ष्यांना तुलनेने कमी विषारी असतात, परंतु मासे आणि पाण्यातील लहान संधिपाद प्राणी यांना ती अत्यंत घातक असतात. पाणवठ्याशेजारी केवळ त्रिकोणाचा रंग पाहून रसायन निवडणे ही मोठी चूक आहे.

म्हणून त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक मिळवून त्यातील पर्यावरणविषयक भाग वाचावा. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वर्गवारीनुसार पक्ष्यांसाठी तोंडावाटे घातक मात्रा प्रति किलो १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर रसायन अतितीव्र विषारी, १० ते ५० असेल तर तीव्र विषारी मानले जाते. माशांसाठी पाण्यातील घातक प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून कमी असेल तर ते अतितीव्र विषारी, आणि मधमाशीसाठी प्रत्येकी २ मायक्रोग्रॅमहून कमी असेल तर तीव्र विषारी ठरते. यासोबत मातीत अर्धे होण्यास लागणारा काळ, पाण्यात विरघळण्याचे प्रमाण आणि चरबीत साठण्याची प्रवृत्ती हे तीन गुण पाहावेत. पाण्यात सहज विरघळणारे आणि मातीत दीर्घकाळ टिकणारे रसायन ओढ्याच्या काठी वापरू नये, मग त्याचा त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो.

हे आकडे ज्या प्राण्यांवरून काढलेले असतात तेही ध्यानात घ्यावे. पक्ष्यांसाठी सहसा मॅलार्ड बदक आणि बॉबव्हाइट लावा, माशांसाठी रेनबो ट्राउट आणि ब्लूगिल, पाण्यातील लहान जीवांसाठी डॅफ्निया, कीटकांसाठी पाळीव मधमाशी. माळढोक किंवा गिधाड यांच्यावर असे प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. त्यामुळे एका प्रजातीवरून दुसरीचा अंदाज बांधावा लागतो. ही अनिश्चितता भरून काढण्यासाठी कसोटी अधिक कडक ठेवली जाते. प्राण्याच्या वाट्याला येणारे अंदाजित प्रमाण भागिले घातक प्रमाण असे गुणोत्तर काढतात. अमेरिकेच्या पारंपरिक पद्धतीत पक्ष्यांसाठी ते ०.५ ला पोहोचले की सर्वसाधारण तीव्र धोका मानला जातो, तर संकटग्रस्त पक्ष्यांसाठी ०.१ लाच चिंतेची पातळी सुरू होते. समजा, फवारलेल्या गवताच्या बियांवर प्रति किलो ४० मिलिग्रॅम अवशेष आहे आणि अन्नातील घातक प्रमाण प्रति किलो २०० मिलिग्रॅम आहे, गुणोत्तर ०.२ आले. सामान्य पक्ष्यासाठी हे सर्वसाधारण मर्यादेच्या आत आहे, संकटग्रस्त पक्ष्यासाठी मर्यादेच्या दुप्पट. त्याच शेतातला एकच आकडा दोन वेगळे निर्णय देतो.

नियम कुठे शोधावेत

जवळजवळ सर्वच देशांत नोंदणी झाल्याशिवाय कीटकनाशक विकता येत नाही आणि लेबलवरील पीक, कीड, मात्रा व खबरदारी हीच कायदेशीर वापराची चौकट असते. भारतात १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम लागू आहेत आणि नोंदणीचे काम केंद्रीय कीटकनाशक मंडळाशी संलग्न नोंदणी समिती करते. नोंदणी, बंदी आणि मर्यादित वापर यांच्या याद्या वेळोवेळी बदलतात, म्हणून जुन्या पत्रकावर विसंबू नये. युरोपीय संघाने २००९ च्या नियमावलीखाली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर २०१८ मध्ये बंद केला.

संकटग्रस्त प्रजाती आणि कीटकनाशके यांची कायद्यात थेट सांगड घालण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेचा आहे. तिथल्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या सातव्या कलमानुसार पर्यावरण संरक्षण संस्थेने नोंदणीचा निर्णय घेताना वन्यजीव विभागांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. हे काम कित्येक वर्षे रखडले आणि न्यायालयांना लक्ष घालावे लागले. २००४ मध्ये एका न्यायालयाने सॅमन माशांच्या नद्यांकाठी ठरावीक कीटकनाशकांसाठी जमिनीवरून फवारताना सुमारे १८ मीटर आणि विमानातून फवारताना सुमारे ९१ मीटर पट्टा मोकळा ठेवण्याचा आदेश दिला. आता काही लेबलांवर असा निर्देश असतो की वापरापूर्वी सहा महिन्यांच्या आत संस्थेच्या ‘बुलेटिन्स लाइव्ह टू’ या नकाशावर आपले ठिकाण तपासावे आणि तिथे दिलेली बंधने पाळावीत. लेबल आणि जागा यांना जोडण्याची ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ज्या देशांत असा नकाशा नाही तिथे आपण स्वतः केलेल्या नोंदींचा नकाशाच ती जागा भरून काढतो.

आंतरराष्ट्रीय स्तरावर २००१ मध्ये स्वीकारलेला स्टॉकहोम करार दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवर बंधने घालतो; एंडोसल्फान हे कीटकनाशक त्यात २०११ मध्ये समाविष्ट झाले. १९९८ चा रॉटरडॅम करार घातक रसायनांच्या आयातीपूर्वी आयातदार देशाची माहितीपूर्ण संमती मागतो. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातील सातव्या लक्ष्यात कीटकनाशकांमुळे होणारा एकूण धोका २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे ठरले आहे.

या साऱ्या व्यवस्थेतली एक उणीव वापरणाऱ्याने स्वतः भरून काढायला हवी. परीक्षण बहुतांशी एकेका रसायनाचे होते, टाकीत मात्र दोन-तीन एकत्र मिसळली जातात. अझोल गटातील काही बुरशीनाशके मधमाशीच्या शरीरातील विष निकामी करणारी यंत्रणा मंदावतात आणि त्यामुळे सोबतच्या पायरेथ्रॉइडचा घातकपणा वाढतो. लेबलवर स्पष्ट परवानगी नसलेले मिश्रण संवेदनशील परिसरात करू नये.

फवारणी ठरवताना आणि करताना

किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारणी करूच नये. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर कीटक ओढून घेणारे) आणि आठवड्याची पाहणी यांवरून हे ठरवता येते. फवारणी अटळ असेल तर त्या किडीपुरते मर्यादित रसायन निवडावे. जैविक म्हणून सारे निर्धोक असते असेही नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा कुर्स्टाकी हा प्रकार बोंडअळीप्रमाणेच दुर्मीळ फुलपाखरांच्या सुरवंटांनाही मारतो, म्हणून त्यांच्या खाद्यवनस्पतींवर तो उडता कामा नये.

वेळ ठरवणे दिसते त्याहून अवघड आहे. मधमाश्या दिवसा फुलांवर असतात, म्हणून संध्याकाळी फवारावे असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु निरभ्र आकाश आणि शांत हवा असलेल्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, बारीक थेंब त्या थरात अडकून राहतात आणि नंतर सपाटीवरून दूरवर सरकत जातात. धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर फवारणी थांबवावी. मधमाश्या परतल्यानंतरचा आणि हा थर बनण्याआधीचा अवधी थोडका असतो. त्यात काम आटोपत नसेल तर क्षेत्राचे तुकडे करून वेगवेगळ्या दिवशी फवारावे. वारा ताशी साधारण ५ ते १५ किलोमीटर असावा आणि त्याची दिशा घरटी किंवा पाणवठा यांच्यापासून दूर जाणारी असावी. मोठे थेंब देणारे नोझल वापरावे, दाब कमी ठेवावा आणि नोझल पिकाच्या जवळ धरावे. सुमारे १५० मायक्रॉनहून बारीक थेंब वाऱ्यावर सहज वाहून जातात.

पाण्याच्या कडेने गवताचा कायम पट्टा राखावा आणि त्यावर काहीही फवारू नये. पट्टा किती रुंद असावा याचे उत्तर लेबलमध्ये असेल तर ते पाळावे. नसेल तर उतार, माती आणि पाऊस पाहून अधिक रुंद ठेवावा. चोवीस तासांत जोराचा पाऊस अपेक्षित असेल तर फवारणी पुढे ढकलावी. दाणेदार कीटकनाशक आणि प्रक्रिया केलेले बियाणे पूर्णपणे मातीखाली जायला हवे. पेरणीयंत्र वळवताना शेताच्या टोकाला सांडलेले दाणे लगेच झाकावेत, कारण पक्षी नेमके तिथेच उतरतात. उरलेले बियाणे उघड्यावर टाकू नये. उंदीरनाशक ठेवणे भाग पडले तर ते बंद पेटीत ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरावेत. टाकी धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता फवारलेल्या पिकावरच विरळ करून फवारावे.

मृत किंवा आजारी प्राणी आढळल्यास

ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातील विषांमुळे चेतापेशींमधील संदेश थांबवणारे विकर निकामी होते. पक्ष्याला उडता येत नाही, पंख पसरून तो जमिनीवर पडतो, चोचीतून लाळ गळते, झटके येतात. एकाच जागी वेगवेगळ्या जातींचे अनेक प्राणी मेलेले आढळले तर विषबाधेचा संशय घ्यावा. अशा वेळी उघड्या हाताने स्पर्श करू नये, पाळीव कुत्र्यांना दूर ठेवावे आणि मृतदेहावर गिधाडे किंवा कोल्हे येणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण विषारी मृतदेह हेच पुढच्या मृत्यूंचे आमिष ठरते. जागा, वेळ, प्राण्यांची स्थिती, जवळचे डबे आणि पाणी यांची छायाचित्रे घेऊन वनविभागाला त्वरित कळवावे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राण्याचे शव परवानगीशिवाय उचलणे गुन्हा ठरू शकते, म्हणून नमुने अधिकृत पशुवैद्यकानेच घ्यावेत.

नमुन्यांना वेळेची मोठी मर्यादा असते. मेंदूतील त्या विकराची क्रिया सर्वसाधारण पातळीच्या निम्म्याहून खाली गेली असेल तर मृत्यूचे कारण विष असल्याचा सबळ पुरावा मिळतो, परंतु उन्हात पडलेल्या शवात ही क्रिया आपोआपच घटत जाते आणि निष्कर्ष संशयास्पद होतो. शव लवकरात लवकर गोठवण्याची व्यवस्था व्हावी, तसेच पोटातील अन्न, आसपासची माती आणि पाणी यांचे नमुने वेगवेगळ्या सीलबंद पिशव्यांत तारीखवार ठेवले जावेत. त्या वेळी परिसरातील प्रत्येक शेतकऱ्याची फवारणीची नोंदवही फार मोलाची ठरते: रसायनाचे आणि त्यातील सक्रिय घटकाचे नाव, मात्रा, तारीख आणि वेळ, वाऱ्याची दिशा, फवारलेला तुकडा आणि त्यानंतरचा पहिला पाऊस. प्रयोगशाळेला शेकडो रसायनांपैकी नेमके कशाचे अवशेष शोधायचे हे या सहा नोंदींवरून कळते आणि ज्याने नियम पाळून फवारणी केली आहे त्याच्यावरचा संशयही त्यांमुळेच दूर होतो.